न उघडलेलं इंजिन

दुकान आज माझं आहे. पाटीवर नाव अजून मामांचंच आहे. लोकांना वाटतं, भाच्यानं आदरानं ठेवलं. खरं म्हणजे त्या पाटीखाली बसलं की इथं जे झालं ते सगळं मामांनी केलं, असं समजून घेता येतं. इतकी वर्षं मी तसंच समजून घेतलं. आता मामा नाहीत, आणि त्यांच्या नावावर मी टाकलेली एक गोष्ट परत माझ्या नावावर घ्यायची आहे.

माझे वडील लवकर गेले. मामांनी मला वाशीमला आणलं, हायस्कुलात घातलं, मॅट्रिक केलं आणि दुकानात बसवलं. मामा आधी बैलबाजारात दलाल होते. पुढे त्यांनी जुन्या मोटारसायकली घेऊन विकायचं दुकान टाकलं, पण हात बाजारातलेच राहिले. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. एक बोट म्हणजे शंभर, पंजा म्हणजे पाचशे. मामा दुकानातही तेच करत. गिऱ्हाईक आपली जुनी गाडी बदलून दुसरी न्यायला आलं की मामा गाडी पुसायचं फडकं माझ्या हातावर टाकत, त्याखाली बोटं दाबत, आणि बोलायचं मी. फरक एवढाच होता की बाजारात रुमालाखाली विकणाऱ्याचाही हात असतो. आमच्या फडक्याखाली तो नव्हता.

चौऱ्याहत्तर साल होतं. आधीच्या दुष्काळानं लोकांचा हात आखडला होता, त्यात एका हिवाळ्यात पेट्रोलचा भाव दुपटीवर गेला. एका बड्या शेतमालकाच्या मुलानं आपली लाल गाडी आमच्याकडे दिली आणि साधी गाडी नेली. दोन सायलेन्सरची, रेसची म्हणून घेतलेली, गावात शिरली की लोक घराबाहेर येत अशी गाडी. मामांनी ती हौसेनं घेतली आणि फसले. साडेतीन हजार सांगत होते, तीनवर आले, अडीचवर आले. पोरं येत, बसून पाहत, हँडल पिळत, किती पेट्रोल पिते विचारत आणि चहा पिऊन जात.

दुकानाचं दार अरुंद. रोज सकाळी ती गाडी मी बाहेर काढायचो, संध्याकाळी आत घ्यायचो. दुपारी ऊन वाढलं की रंग उडू नये म्हणून ती दारातच उभी करायची, म्हणजे मला बाहेर जायचं तर अंग चोरून तिच्या बाजूनं निघावं लागे. सहा महिने मी असा अंग चोरून आलो-गेलो.

त्याच दिवसांत मला अकोल्याच्या एका कचेरीत कारकुनाच्या जागेची ऑर्डर आली. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. मामांना दाखवली. त्यांनी ती उलटी धरून पाहिली, सुलटी करून पाहिली.

"जाय ना," म्हणाले. "मी कायले अडवू? फकत थे लाल धूड दारातून काढ. तू असल्याशिवाय माह्यानं थे इकल्या जात नाही."

मी त्यांना सोडून निघून गेलो असतो तर कुणी धरून ठेवलं नसतं. पण ज्यांचं अन्न खाल्लं त्यांच्यापुढे पाय उचलत नव्हता. पंधरातले नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी माझा एक शाळासोबती दुकानात आला. हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो. तो बौद्ध घरातला. त्याचे वडील आमच्या गावच्या शेतांवर मजुरी करायचे, आणि त्या घरातला हा पहिला पगारदार. मेडशीला शाळेवर मास्तर होता. बायको नर्स, तिची नेमणूक इंझोरीच्या दवाखान्यात. मेडशीहून इंझोरीला एसटीनं जायचं तर तीन ठिकाणी गाडी बदलावी लागे, आणि एक चुकली की पुढच्या सगळ्या चुकत. म्हणून त्यानं एक छोटी मोटारसायकल घेतली होती. शनिवारी शाळा सुटली की तिच्यावर निघायचा, रविवारी परतायचा. त्यांचा संसार म्हणजे ती गाडी होती.

तो आला होता फक्त क्लचची केबल घ्यायला. हे मला नीट आठवतं.

"मास्तर, लय दिवसानं," मामा म्हणाले आणि हॉटेलात चहा सांगितला. मामा आणि मी चहा घरातून आलेला प्यायचो. त्याच्यासाठी हॉटेलातून यायचा. ते तो जाणून होता. मीही जाणून होतो.

"बायको तिकडंच का अजून?" मी विचारलं.

"तिकडंच. बदलीचे अर्ज लिहून लिहून अक्षर सुधरलं माह्यं." तो हसला. "आता तिले सहावा महिना हाये. लवकर पोचावं वाटते, पन हे बिचारी चाळीसच्या वर जात नाही."

मी लाल गाडीकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढचं सगळं मी बोललो. दोन तास वाचतात म्हणालो. बायको-लेकरू मागं बसवायचं तर गाडी भक्कम पाहिजे म्हणालो. त्यानं विचारलं, पेट्रोल किती पेते? मी म्हणालो, लिटरले पस्तीस सहज देते. बावीसच्या वर ती कधी गेली नव्हती. मीच टाकी भरून मोजलं होतं.

मग त्याच्या गाडीची किंमत करायची वेळ आली. मामांनी फडकं घेतलं.

"बैल नाही मामा, गाडी हाये थे," तो म्हणाला. "दातबी पाहून घ्या आता."

मामाही हसले. फडक्याखाली त्यांनी माझ्या हातावर पंजा दोनदा दाबला आणि वर दोन बोटं. बाराशे. लाल धूड जातंय तर मामा त्या दिवशी सढळ होते. भावही रास्त होता.

मी म्हणालो, "आठशे."

फडक्याखाली मामांचा हात थांबला. मग त्यांनी माझा सगळा हात एकदा आवळला. शाबासकी होती ती.

"आठशे?" सोबती म्हणाला. "लेका, इंजिन उघडेल नाही आजवर. हे पाह्य." तो खाली वाकला. इंजिनाच्या एका बोल्टवर आणि त्याच्या बाजूच्या धातूवर मिळून त्यानं शाळेतल्या पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून ठेवला होता. बोल्ट कुणी फिरवला तर ठिपका मोडणार. "मिस्त्रीवर भरोसा नाही म्हनून लावला. जसाचा तसा हाये."

"थेच तर," मी म्हणालो. "आजलोक उघडलं नाही म्हणूनच आता काम मागते. आवाज ऐक ना. उघडलं का चारशेचा खर्च हाये."

आवाजात काही नव्हतं. शिवणयंत्रासारखा चालत होता. त्यानं मामांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तू म्हनतं तर ठीक हाये," तो म्हणाला.

अडीच हजारातले वरचे सतराशे त्याच्या बायकोनं पोस्टात साठवलेले होते. दुसऱ्या दिवशी लाल गाडी गेली. दार मोकळं झालं. मी ट्रंक भरायला घेतली तर मामा खोलीत आले, खाटेवर बसले.

"मी बारा सांगतले, तू आठ केले," म्हणाले. "असा गडी मी फायली उचलाले पाठवू का? आता हे दुकान तुहंच हाये. अन् पोरीचंबी मनात हाये माह्या." म्हणजे त्यांची मुलगी. आज ती माझी बायको आहे, तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. ऑर्डर मी गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवली. पंधरावा दिवस कधी गेला ते मी मोजलं नाही असं सांगत आलो. मोजला होता.

त्याची छोटी गाडी विकली नाही. मीच वापरू लागलो.

पुढच्या होळीच्या सुमारास तो परत आला. लाल गाडी ढकलत आणली होती. टाकीत पेट्रोल होतं, पण परत जायला पुरावं म्हणून उतारावर बंद ठेवत आला होता.

"महिन्यातून एक डाव जानं होते आता," तो म्हणाला. "पोरगी झाली. कडेवर घेतलं का रडते, ओळखतच नाही मले. तू हे ठेव अन् माही जुनी दे. वर काय लागन थे सांग."

त्याची जुनी गाडी पत्र्याच्या आडोशामागे उभी होती, आमच्यापासून दहा पावलांवर, पोतं पांघरून. ती पुढं आणली असती तर त्याला ठिपका दिसला असता.

"गेली थे," मी म्हणालो. "पुसदकडचा एक मानूस घेऊन गेला."

मामांनी फडकं टाकलं. लाल गाडीचे नऊशे दाबले. या वेळी मी जेवढी बोटं तेवढंच बोललो. मंदीत ती गाडी त्याहून जास्त देऊन कुणी घेणार नव्हतं, हे खरंच होतं. ते खरं बोलायला मला काहीच जड गेलं नाही.

त्यानं हँडल धरून गाडी वळवली. मग विकत नाही म्हणाला. मी त्याला वळणापर्यंत गाडी ढकलू लागलो.

"मामानं बराबर कापलं मले," तो म्हणाला. "फडक्याखाली काय चालते थे मले समजत नाही का? तुहा काय दोष. तू तं त्याईच्या घरी राह्यतं."

मी मान हलवली.

पाच वर्षांनी मेडशीच्या स्टँडवर पानाच्या ठेल्यापाशी ती छोटी गाडी लावून थांबलो होतो. दुपार होती. तो एसटीची वाट पाहत उभा होता, खांद्याला पिशवी. मला पाहून आला, आणि बोलायच्या आधी गाडीकडे पाहिलं. पुसदच्या माणसाचं त्यानं काही विचारलं नाही.

"चालते चांगली?" म्हणाला.

"चालते."

"इंजिन खोललं मंग?"

"हो," मी म्हणालो. "तवाच खोललं."

तो खाली वाकला. बोल्टवर तेल आणि धूळ बसून काळा थर झाला होता. त्यानं अंगठ्यानं तो पुसला. खालून ठिपका निघाला, बोल्टवर अर्धा, बाजूच्या धातूवर अर्धा, मधली रेघसुद्धा हललेली नाही. त्यानं अंगठा रुमालाला पुसला, रुमालाची घडी केली, खिशात ठेवला.

माझ्याकडे पाना होता. पाच वर्षं रोज होता. तो बोल्ट एकदा फिरवून ठेवायला दोन मिनिटं लागली असती, आणि ते मला सुचलं नव्हतं असंही नाही.

एसटी आली. "शनिवार हाये," तो म्हणाला आणि चढला. बसायला जागा नव्हती. तीनपैकी ती पहिली गाडी होती.

नंतर तो दुकानात कधी आला नाही. त्या दिवशी त्याला किती कळलं ते मला माहीत नाही. इंजिनाचं कळलं असेल. फडक्याखालचं कसं कळणार, तिथं त्याचा हात नव्हता. म्हणून सांगतो. मामांनी बाराशे दाबले होते.