शिलाई हॉलचं दुसरं दार

खरेदी विभागात बाईंना पाठीमागे 'भिंग' म्हणत. समोर अर्थातच 'मॅडम'. सरकारी दवाखान्यांना माल पुरवणारे कारखाने कामगारांना माणसासारखं वागवतात की नाही, हे जाऊन बघायचं आणि गुण द्यायचे, हे त्यांचं काम.

ऑफिसात या कामाला कोणी फारसं विचारत नसे. टेंडर म्हटलं की सगळ्यांचे डोळे दराकडे. "तुमचे गुण म्हणजे कोटाला लावलेलं फूल," साहेब म्हणत. "असलं तर शोभा, नसलं तरी कोट उबदारच." पण नियमांत एक ओळ होती. एका जरी बाबीत शून्य पडलं, तर त्या पुरवठादाराचं दराचं पाकीट उघडायचं नाही. ते शून्य आजवर कोणी दिलं नव्हतं. बाईंनीसुद्धा.

त्या दिवशी बाई ऑपरेशनचे गाऊन शिवणाऱ्या कारखान्यात पोचल्या, तेव्हा रंगाचा वास ताजा होता. मालक फाटकाशीच उभे. बोलायला भारी गोड.

"ताई, या सगळ्या मला बहिणींसारख्या बरं का!"

"केवढ्या बहिणी हो तुमच्या," बाई म्हणाल्या. "आईंना भेटायला हवं एकदा."

सगळं नीटनेटकं होतं. आग विझवायची नळकांडी जागच्या जागी. पाण्याचा नवा फिल्टर, शेजारी उपडे घातलेले चकचकीत पेले. संडास स्वच्छ, साबण जाग्यावर. बायकांना विचारावं, तर पाठ केल्यासारखं एकच उत्तर: "सगळं छान आहे, मॅडम."

बाई हॉलच्या कोपऱ्यात स्टूल घेऊन बसून राहिल्या. इस्त्रीच्या वाफेनं हॉल नुसता उकळत होता. जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले, बंद झाले. बायकांनी आपापल्या बाटलीतून घोटभर पाण्यानं ओठ ओले केले आणि परत मशीनवर बसल्या. फिल्टरजवळचे पेले उपडेच्या उपडे.

बाईंनी ते लगेच ओळखलं. हे ओठ ओले करणं त्यांच्या घरात रोजचं होतं. थोरल्या बहिणीनं उभं आयुष्य अशाच हॉलमध्ये मशीन चालवलं, बाईंचं शिक्षणही त्याच मशीनवर झालं. ताईचं काम सुटून किती काळ झाला, तरी पाण्याचा पेला हातात दिला की घोटभर घेऊन खाली ठेवते. डॉक्टर ओरडतात, बाई ओरडतात. "सवय लागली गं," एवढंच म्हणते.

बाई उठून इस्त्रीवालीपाशी गेल्या. "पाणी का पीत नाही?"

"तहान नाही लागत."

"इथं नुसतं उभं राहून माझी पाठ भिजली, आणि तुम्हाला तहान नाही?"

इस्त्रीवालीनं सुपरवायझरच्या टेबलाकडे पाहिलं. टेबलामागे खिळ्याला दोरीनं एक लाकडी फळी टांगलेली होती. ती हळूच म्हणाली, "प्यायलं की जावं लागतं ना, मॅडम. जायचं तर सुपरवायझरकडं ती फळी मागायची आणि गळ्यात घालायची. अख्ख्या हॉलला एकच. आणि मग अंगणातून, मालकांच्या खिडकीसमोरून."

"फळी दुसरीकडे असली तर?"

"तर काय, दात आवळायचे नि इस्त्री फिरवायची."

मालकांना विचारलं, तर ते हसलेच. "शिस्त हो, ताई! नाहीतर तिकडं जाऊन गप्पा मारत बसतात." मग बाईंचा चेहरा पाहून त्यांनी स्वतः फळी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. "घ्या. मिटला विषय."

"मी फाटकाबाहेर पडले की उचलाल." बाईंनी हॉलच्या मागच्या भिंतीवर बोटं वाजवली. "याच्या पलीकडे काय आहे?"

"संडासच. त्याचा बोळ."

"मग इथं दार पाडा. कोणाला विचारायला नको, अंगण नको, खिडकी नको."

"चेष्टा करता काय?"

"शून्य मांडलंय," बाई म्हणाल्या. "दार झालं की फोन करा. पाकिटं उघडायच्या आत."

ऑफिसात साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, दवाखान्यांत गाऊन संपत आलेत. माणूस स्वस्तात देतोय. एका दारापायी अडवून धरणार?"

"आत्ताच अडवायचं, साहेब. एकदा करार झाला की तीन वर्षं तिकडं आपलं कुणी फिरकत नाही. आज त्याला आपली गरज आहे, म्हणून ऐकेल. उद्या आपल्याला त्याची असेल."

"आणि नाही पाडलं तर?"

"दुसऱ्याचं पाकीट उघडा. महाग का घेतलं, त्याचा खुलासा माझ्या सहीनं देते. बदली करायची तर तीही करा."

साहेबांनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. "मंगळवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "पुढं नाही."

सोमवारी मालकांचा फोन आला. बाई गेल्या. भिंतीत खरोखरच दार होतं, कडेचं प्लास्टर अजून ओलं. पण सुपरवायझरचं टेबल उचलून नेमकं दाराला खेटून मांडलेलं.

"टेबल आधी कुठं होतं?"

"तिकडं, मॅडम," सुपरवायझर म्हणाला.

"तिकडंच बरं दिसत होतं."

टेबल खरडत परत गेलं. बाई स्टुलावर बसल्या. कोणी उठेना. माना खाली, मशीनं चालू. मालक घड्याळाकडे बघू लागले. बाई हलल्या नाहीत.

शेवटी इस्त्रीवालीनं इस्त्री उभी केली. फिल्टरपाशी जाऊन एक पेला प्यायली. मग दुसरा, सावकाश. मशीनांचा आवाज मंदावला. पेला ठेवून, कोणाकडे न बघता, ती नव्या दारातून सरळ निघून गेली. सुपरवायझरनं तोंड उघडलं आणि मालकांकडे बघून मिटलं. मग पुढच्या ओळीतल्या दोघी उठल्या. त्यांच्यामागे आणखी.

"एकदम सगळ्या?" सुपरवायझर कळवळला.

"फार वर्षांचं साचलंय, दादा!" कोणीतरी म्हणालं, आणि हॉलभर हशा पिकला.

बाईंनी शून्य खोडून दहापैकी सहा लिहिले.

"सहाच?" मालक म्हणाले. "भिंत फोडली, ताई!"

"पाचाला पास. बाकीचे चार पुढच्या वेळी बघू. कधी येणार ते मात्र सांगणार नाही." बाई दारापाशी थांबल्या, वर हात लावून पाहिला. "आणि ही हॉलच्या बाजूची कडी काढा. संडासाला कडी लागते ती आतून, सुपरवायझरच्या हाताशी नाही."

मालकांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. कडी सुटून हातात येईपर्यंत बाई तिथंच उभ्या राहिल्या.