मावशीच्या रागाच्या कॅलरी

माझी मावशी कुणाला माफ करत नाही. ही तिची निंदा समजू नका. माझ्या आईने जन्मभर सगळ्यांना माफ केलं आणि त्या सगळ्यांनी तिला जन्मभर राबवून घेतलं, हे बघतच मी मोठी झाले. त्यामुळे दोघी बहिणींतली शहाणी कोण, याबद्दल मला कधी शंका नव्हती. मावशीच्या लग्नात एका चुलत नणंदेने ‘आवाज जरा पुरुषी आहे’ असं म्हटलं होतं. त्या बाईशी मावशी आजही फक्त हवापाण्याबद्दल बोलते.

त्याच आवाजावर तिचं पोट चाललं. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि मावशी एका व्यायामशाळेत शिकवायला लागली. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे. सकाळचा वर्ग तिचा. येणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. कुणाचा गुडघा बदललेला, कुणाची पाठ धरलेली, कुणाचं घरात सुनेशी पटत नाही म्हणून आलेलं. मावशी सगळ्यांवर सारखीच ओरडायची. “वाका म्हटलं की वाका. मोडायचं ते मोडून झालंय, आता काही मोडत नाही.” लोक हसायचे आणि वाकायचे. तिला सगळे बाई म्हणत. संध्याकाळी रिकाम्या घरात परतणाऱ्या माझ्या मावशीचा संसार म्हणजे हा वर्ग.

आता काडीबद्दल. नोकरी मागायला आला तेव्हा फुंकर मारली तर उडून जाईल असा होता, म्हणून हे नाव पडलं. मालक त्याला घेत नव्हते. मावशीने शब्द टाकला. त्याला शिकवलं, तापाने फणफणला तेव्हा स्वतःच्या घरी आणून ठेवलं, पेज पाजली. पुढे त्याचे दंड फुगले आणि मान ताठ झाली. काडी म्हटलेलं आवडेनासं झालं. कुठलासा कोर्स करून आला आणि मालकांच्या कानाला लागला. मालक माणूस वाईट नाही, पण हलक्या कानाचा. शेवटी जो बोलेल त्याचं खरं. बघता बघता काडी सगळ्या वर्गांचा प्रमुख झाला. म्हणजे मावशीचाही.

प्रमुख झाल्यावर त्याने पट्टे आणले. छातीला बांधायचा पट्टा, त्यात हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र, आणि भिंतीवर हा एवढा पडदा. पडद्यावर प्रत्येकाचा एक चौकोन. त्यात ठोके दिसायचे, आणि ठोक्यांवरून हिशोब करून यंत्रच सांगायचं की या माणसाने किती कॅलरी जाळल्या. ठोके कमी असतील तर चौकोन निळा, वाढले की हिरवा, मग केशरी, आणि अगदी फेस यायची वेळ आली की लाल. वर्ग संपला की काडी पडद्यासमोर उभा राहून सगळ्यांच्या देखत निकाल वाचायचा. शाळा सुटली तरी मास्तर काही सुटला नाही.

मावशीचा वर्ग कायम निळा. त्यातही सगळ्यात निळे आमचे पोस्टमनकाका. नोकरीभर सायकल हाणलेला माणूस, पोटऱ्या अजून दोरखंडासारख्या. काका वर्गातल्या सायकलवर बसले की सदरा पिळून काढावा इतका घाम यायचा, आणि चौकोन मात्र ढिम्म.

“काका, पट्टा छातीला बांधलाय ना? की घरी खुंटीला?” काडी एकदा म्हणाला.

लोक हसले. माणसं वाईट नसतात, पण दुसऱ्यावर चाललेला विनोद फुकट मिळतो. काका पण हसले. दुसऱ्या दिवशी काडी म्हणाला, “बाईंच्या वर्गात मंडळी झोप काढायला येतात,” आणि त्या दिवशी काका हसले नाहीत.

मग नवल झालं. काकांचा चौकोन हिरवा व्हायला लागला, आणि एका सकाळी चक्क केशरी. काडीने टाळ्या वाजवल्या. “बघा, मनावर घेतलं की होतं.” काका लहान पोरासारखे लाजले. त्याच आठवड्यात वर्गाला येताना ते जिन्यात डोळे पांढरे करून कोसळले. मावशी आवाज ऐकून धावली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन रुग्णवाहिका येईपर्यंत पायरीवर बसून राहिली.

काका वाचले. पण का पडले, ते त्यांच्या सुनेने मावशीला दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. काकांना हृदयासाठी रोज एक गोळी असते. ती गोळी ठोके वाढूच देत नाही. तेच तिचं काम. माणूस डोंगर चढला तरी ठोके आपले हळूहळू. पट्ट्याला गोळी ठाऊक नाही, त्याला फक्त ठोके ठाऊक. ठोके कमी म्हणजे मेहनत कमी, असं त्याने ठरवून टाकलेलं. काकांना हे कुठून तरी कळलं, आणि त्या मानी माणसाने काय करावं? गोळीच बंद केली. घरात कुणाला पत्ता नाही. सून म्हणाली, “डॉक्टरांनी विचारलं तर म्हणतात, मला निळं राहायचं नव्हतं.”

मावशी हे घेऊन थेट मालकांकडे गेली. पण काडी तिच्या आधी पोचला होता. बाईंना माणसांची प्रकृती कळत नाही, झेपत नसताना म्हाताऱ्यांना ताणतात, उद्या कुणी दगावलं तर व्यायामशाळेला टाळं लागेल, असं सगळं त्याने मालकांच्या कानात ओतून ठेवलं होतं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. मालकांनी मावशीकडे न बघता सांगितलं की सकाळचा वर्ग तूर्त बंद, आणि बाईंनी खाली काउंटरवर बसावं. टॉवेल द्यावेत.

ज्याला पेज पाजली त्याने केसाने गळा कापला. मी ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मी येते आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत देते.

“देशील,” मावशी म्हणाली, “आणि लोक त्याचा गाल बघून हळहळतील. मला लोक माझ्या बाजूने हवेत. थांब जरा.”

ती टॉवेल द्यायला बसली. मूग गिळून बसली, असं सगळ्यांना वाटलं. मी तिला ओळखते. तिने डूख धरला होता.

नोकरांनीही पट्टा बांधायचा असा काडीचा नियम होता, आणि काउंटरवर एक छोटा पडदा होता, त्यावर सगळ्यांचे चौकोन दिसायचे. एका दुपारी मावशी खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. काउंटरवरची पोरगी पडद्याकडे बघून म्हणाली, “बाई, तुम्ही कुठे पळताय?” मावशीचा चौकोन केशरी झाला होता. समोरून काडी शीळ घालत चालला होता. तो जिना चढून दिसेनासा झाला, तसा चौकोन हिरवा झाला, मग निळा. मावशीने पुन्हा घडी घातली. थोड्या वेळाने काडी पाणी प्यायला खाली उतरला. चौकोन पुन्हा चढला.

“मी सबंध दुपारभर हेच केलं,” तिने मला सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. “तो आला की मी नुसती बघायची. यंत्र म्हणतं, बाई व्यायाम करतायत. तू मला सांग, रागाने चरबी जळत असती तर मी आज सुतळी असते की नाही?”

मला तिचा बेत लगेच कळला, आणि खरं सांगते, मला तो फार आवडला.

नव्या लोकांना व्यायामशाळा दाखवायचा दिवस ठरला होता. खाली हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, मालक पहिल्या रांगेत, काडी घट्ट बनियनमध्ये पडद्यासमोर. मी मागे उभी होते. काडीचं भाषण रंगात आलं. पट्टा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, वगैरे. तेव्हा मावशी उठली.

“मालक, तुमची हरकत नसेल तर एक गंमत करून बघू. पोस्टमनकाका सायकल चालवतील. त्यांच्या डॉक्टरांनी हळू चालवायला सांगितलंय, तेवढीच. गोळी घेऊन आलेत ते. आणि मी इथे खुर्चीत बसते. बघू कोण जास्त जाळतं.”

लोकांना मजा वाटली, मालकही हसले, आणि मालक हसल्यावर काडीला नाही म्हणता येईना. काका सुनेचा हात धरून आले, सायकलवर बसले आणि पायडल मारायला लागले. मावशी त्यांच्या शेजारी, हात मांडीवर. पडद्यावर दोन चौकोन, दोन्ही निळे.

आणि काहीच होईना. काका घामाघूम झाले, त्यांचा चौकोन निळाच. पण मावशीचाही निळा, आणि तिचे ठोके तर उतरत चाललेले. ती काडीकडे डोळे रोखून बघत होती आणि यंत्र म्हणत होतं की या बाई निवांत आहेत. मग माझ्या लक्षात आलं. ती खूश होती. इतके दिवस ज्या घडीची वाट बघितली ती आली होती, आणि जिवाला असा थंडावा मिळाल्यावर राग आणायचा कुठून? ऐन वेळी तिच्या सुखानेच दगा दिला.

लोक चुळबुळायला लागले. काडीच्या जिवात जीव आला. त्याने तिथे थांबायला हवं होतं. पण जिंकल्यावर गप्प बसणं हे सगळ्यांच्याच नशिबात नसतं.

“बघितलंत?” तो लोकांकडे वळून म्हणाला. “खुर्ची ती खुर्ची. पण काका, तुम्ही तरी जरा लाज राखा. दोघेही निळे. मागच्या वेळी केशरी झाला होता की तुम्ही, मग आता काय झालं?”

काकांचे पाय थांबले. त्यांनी खाली बघितलं.

मी मावशीकडे बघत होते. ती हलली नाही. मांडीवरचे हात तसेच. फक्त मानेची शीर दिसायला लागली. पडद्यावरचा आकडा चढला. चौकोन हिरवा झाला. कुणीतरी “अरे” म्हणालं. मग केशरी. कॅलरीचा आकडा काकांच्या आकड्याच्या जवळ गेला, बरोबरीला आला आणि पुढे निघाला. खुर्चीत बसलेली एक म्हातारी बाई सायकलवरच्या माणसापेक्षा जास्त मेहनत करत होती, असं ते यंत्र सगळ्या हॉलला ओरडून सांगत होतं. आधी एकजण हसला, मग सगळेच.

“या यंत्राचा ठोक्यांचा आकडा बरोबर असेल,” मावशी उठली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, पुरुषी असो की कसाही. “पण ठोके कशाने वाढले ते याला कळत नाही. मला राग आला, यंत्र म्हणतं मी पळतेय. काकांना गोळी आहे, यंत्र म्हणतं ते झोपलेत. आणि ह्याने,” तिने काडीकडे बोट केलं, “भर सभेत हा आकडा वाचून काकांची इतकी लाज काढली की त्यांनी जिवाची गोळी सोडली. ते जिन्यात पडले. मग ह्याने मालकांना सांगितलं की बाईंमुळे पडले.”

हसू जिथल्या तिथे थांबलं. काकांची सून म्हणाली, “खरं आहे ते.” मालक काडीकडे बघत राहिले, आणि त्यांना बघून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस कुणाचं ऐकायला आता घाई करणार नाही. काडीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. छातीला त्याच्याही पट्टा होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात त्याचा चौकोन लालभडक झाला होता. सगळ्यांनी तो पाहिला. मी तर मनसोक्त पाहिला.

लोक गेल्यावर मालकांनी मावशीला खोलीत बोलावलं. वर्ग परत सुरू करा, पडदा उतरवतो, असं म्हणाले. “आणि ह्याचं काय करू ते तुम्हीच सांगा. म्हणाल तर आत्ता काढतो.” मी दाराशी उभी राहून मनात ‘काढा’ म्हणत होते.

“ठेवा,” मावशी म्हणाली. “माझ्या वर्गात मदतीला द्या. सकाळी काकांना हात धरून जिना चढवायचा, वर्ग संपला की उतरवायचा. रोज.”

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. इतकं सगळं केलंस ते कशासाठी, म्हटलं. मावशी दिव्याच्या खांबापाशी थांबली, चपलेतला खडा काढला. “काढला असता तर दुसऱ्या शहरात जाऊन परत साहेब झाला असता,” ती म्हणाली. “चार दिवसांत विसरला असता. इथे त्या प्रत्येक पायरीवर त्याला काका कुठे पडले ते दिसेल.”

आणि तसंच झालं. काडी रोज येतो, काकांचा दंड धरतो, एकेक पायरी चढवतो. काका हळू चढतात, मधे दम खायला थांबतात, आणि नेमके त्याच वळणावर थांबतात. काडी शेजारी मान खाली घालून उभा राहतो. त्याला दुसरीकडे नोकरी मिळाली असती, पण मालकांनी शिफारस द्यायला हवी, आणि मालक आता ‘बाईंना विचारा’ म्हणतात. बाईंना विचारायची त्याची हिंमत नाही.

परवा मी मावशीला डबा द्यायला गेले होते. काडी तिच्यासमोर उभा होता, डोळे ओले. “बाई, मी काकांची माफी मागितली,” तो म्हणाला. “त्यांनी मला जवळ घेतलं. म्हणाले, झालं गेलं विसरून जा.”

“काका चांगले आहेत,” मावशी म्हणाली. “जा, खाली तुझी वाट बघतायत.”