नानांनी पकडून आणलेले टोळ

मंडळी, आज आमची पाल मेली. हसू नका.

शेपूट तुटलेली, घरातलीच पाल. माझ्या मुलीने पाळलेली. सुट्टीत पालीला घेऊन पहूरला माहेरी आलो, तर माझे वडील, नाना, आधी चिडलेच. "पाल काय पाळायची चीज आहे का?"

मग स्वतःच तिचं घर बांधायला बसले. जुन्या कपाटाच्या काचा, वर डासांची जाळी, लपायला पाइपाचा तुकडा. आज सकाळी घर तयार झालं. नानांनी आमच्या कपाशीतून टोळ आणून आत सोडले. म्हणाले, "आज सुस्त आहेत, पटकन हाती लागले."

दुपारी पाल उताणी पडून थरथरत होती. मग तेही थांबलं.

नानांनी वाकून काचेतून आत पाहिलं. "काल मी कपाशीवर औषधाचा फवारा मारेल होता," म्हणाले.

मुलीने विचारलं, "नाना, टोळ तुम्ही हातानेच पकडले ना?"

नाना उठून हात धुवायला गेले.

फवारणीनंतर त्यांचं डोकं रात्रभर दुखतं. आम्ही म्हणतो, ऊन लागलं.

तुमच्याकडे फवारणीचे कपडे कुठे भिजवतात? नानांचे कालचे मला आत्ता न्हाणीत दिसले. मुलीच्या फ्रॉकसोबत, एकाच बादलीत.