लिवाबाईंचा तास

आमच्या हायस्कूलमधल्या मराठीच्या बाई फळ्यावर कधी लिहीत नसत. वर्गात आल्या की खडू पुढच्या बाकावरच्या एखाद्या मुलीच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "चला, लिवा. मी सांगते." त्यावरून पोरींनी त्यांचं नाव लिवाबाई पाडलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं. "नाव ठेवलंत ते ठेवलंत, अक्षर तरी वळणदार काढा," एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही शिक्षक ही त्यांची शिकवण्याची पद्धत समजत होतो. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी तर शेऱ्यात तिचं कौतुक केलं होतं.

चहाही त्या अर्धाच कप घेत. शिपायाने भरून दिला तर परत करत. शाळेचं ग्रंथालय, म्हणजे तीन कपाटं आणि एक लांब टेबल, त्यांच्याकडेच होतं. तिथे शनिवारी त्या गोष्टी वाचून दाखवत. पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं असे. आवाज असा, की बाहेर पाण्याच्या टाकीजवळ भांडणारी पोरंही खिडकीशी येऊन उभी राहत. "पुस्तक कसं धरतात बघा जरा," असं मी माझ्या वर्गाला सांगत असे.

शिरूरच्या अलीकडे कारखाने वाढत होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. एका कारखान्याने शाळेला दोन कॉम्प्युटर आणि एक प्रोजेक्टर दिला. मी गणिताची, वेळापत्रकं आणि याद्या करणारी. त्यामुळे ती खोली माझ्या गळ्यात पडली. चपला बाहेर, खिडकीला पडदा, तास सकाळीच. दहानंतर लाइट जायची. दसऱ्याला हेडसरांनी यंत्रांची यथासांग पूजा केली, तेव्हा कीबोर्डमध्ये कुंकू गेलं आणि मी दिवसभर ब्रशने ते काढत बसले. लिवाबाई दारातून म्हणाल्या, "मॅडम, देव पावला म्हणायचा. बटणं लाल झाली."

मग हेडसरांनी फर्मान काढलं: कारखान्याचे साहेब बघायला येणार, प्रत्येक विषयाचा एक तास पडद्यावर झाला पाहिजे. मी एकेका शिक्षकाला माऊस शिकायला बसवलं. लिवाबाईंना दोनदा बोलावलं, दोनदा काही ना काही काम निघालं. तिसऱ्यांदा मी त्यांना ग्रंथालयातून हाताला धरूनच आणलं.

त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि स्क्रीनवरचा बाण तडतडायला लागला, तापल्या तेलातल्या मोहरीसारखा. मला वाटलं, धूळ गेली असणार. तेव्हाच्या माऊसच्या पोटात एक रबरी गोळा असायचा. मी तो काढला, पुसला, आतल्या चाकांवरून कापूस फिरवला, परत बसवला. स्वतः धरून पाहिला, तर बाण जागच्या जागी. बाईंच्या हातात दिला, पुन्हा तडतड. मी परत गोळा काढायला गेले.

"ऱ्हाऊ द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "यंत्र बरं हाय तुमचं."

त्यांचा हात मांडीवर घेतलेला होता आणि तिथेही हलत होता. फळा, अर्धा कप, दोन्ही हातांत धरलेलं पुस्तक, सगळं मला एकदम समजलं.

"कुणाला बोलू नका. दोन वर्सं ऱ्हायलीत माजी. कळलं की वर्ग काढून घेतील. पोरींसमोर उभं ऱ्हायचं सोडून मला दुसरं काय येतं वो?"

मी लगेच उपाय ठरवला. बाईंनी बोलायचं, माऊस मी धरायचा. त्यांनी मान डोलावली.

त्या दिवशी भिंतीवर पांढरी चादर लावली होती. मागे साहेब, हेडसर आणि संस्थेचे आप्पा खुर्च्यांवर, खाली सातवीच्या पोरी. मी माऊसकडे हात नेला, तर बाईंनी तो आधीच उचलला होता. चादरीवर हातभर मोठा बाण थरथरू लागला.

"बाई, बाण नाचतोय!" एक पोरगी ओरडली. वर्ग हसला. साहेबही हसले. मी पुढे झुकले.

"बाण नाही गं नाचत," बाई म्हणाल्या. "माझा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. आता पुढचं चित्र बघा."

दोनदा नको ते चित्र उघडलं, त्यांनी बंद केलं, पुन्हा नेम धरला. धडा शेवटपर्यंत नेला.

पुढच्या आठवड्यात आप्पांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. वेळापत्रक घेऊन मीही तिथेच होते. आप्पा वाईट माणूस नव्हते. "बाई, लई केलंत तुम्ही. आता लायब्ररीत आराम करा. वर्ग नव्या सरांना देऊ."

"आप्पा, वाचायला हात कशाला लागतो?"

"त्ये खरं हाय. पर बाहेर चर्चा होती. पालक इचारत्यात."

बाईंचे तास मीच वेळापत्रकात सरांच्या नावापुढे टाकले. बाई संक्रांतीपर्यंत ग्रंथालयात बसल्या. मधल्या सुट्टीत पोरी जात, पण घंटा झाली की त्यांना उठावं लागे. मग बाईंनी राजीनामा दिला आणि मुलाकडे दौंडला जायचं ठरवलं.

त्यांना सोडायला मी शिरूरच्या स्टँडवर गेले. मला राहवलं नाही. "बाई, ठरलं होतं ना आपलं? मी धरला असता माऊस. कुणाला कळलंसुद्धा नसतं."

"तुम्ही धरला असता, तर पोरी तुमच्याकडं बघत बसल्या असत्या," त्या म्हणाल्या. "तास माजा होता, मॅडम."

दौंडची गाडी लागली. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली नाही.

पुढे मी तालुक्यातल्या बऱ्याच शाळांत शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवला. एखादे गुरुजी पोरांसमोर अडकतात, चुकीचं बटण दाबतात, घाम पुसत माझ्याकडे बघतात. हात पुढे करावासा वाटतो. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरते आणि उभी राहते.