दमलेला पुढं

४ मे. अंगणात मुगवड्या घालत होते, तेवढ्यात यांचा मित्र फाटकाशी येऊन उभा राहिला. मालेगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो आणि वर्षातून एकदा दुकान बंद करून डोंगर चढायला जातो. यंदा तिकडे बर्फाळ स्पितीतल्या जुन्या व्यापारी वाटेनं आमच्या यांनाही नेणार होता. यांना तर जिना चढतानाच दम लागतो.

मला त्याचं बोलणं कधी खरं वाटलं नाही. कशालाही "होऊन जाते, वहिनी" म्हणतो आणि म्हणताना आपल्याकडे न बघता बोटांवरचं ग्रीस पुसत राहतो.

संध्याकाळी सरावाला सोबत जाणारे सगळे गावाबाहेरच्या टेकडीवर निघाले, तेव्हा मीही मागोमाग गेले. त्यानं यांनाच सर्वांत पुढं घातलं.

मी त्याला गाठलं. "यायले काहून पुढं केलं? दरीत पहिले हेच पडाले पाहिजेत म्हून?"

पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघून बोलला. "आमचे पणजे बैलायवर मीठ न्यायचे, वहिनी. दमलेला बैल पुढं ठेवायचे. मांगं ठेवला त पळू पळू मरते. पुढं असला का सारा तांडा त्याच्याच चालीनं चालते."

पुढून हे ओरडले, "मी काय बैल आहो बे?"

"बैलानं इतक्या वेळा पाणी नसतं मांगलं, भाऊ!"

माथ्यापर्यंत यांच्या पुढं कुणी गेलं नाही. तरी माझा विश्वास बसेना. इथली टेकडी ती केवढी!

५ मे. सकाळी पेटीतून यांचा स्वेटर काढून उन्हात टाकला. शेजारी माझाही टाकला.