पाहुण्यांच्या जागी

राजधानीतल्या संचलनाच्या मैदानावर जो माळी होता, त्याला सगळे ‘पाहुणे’ म्हणत. स्वातंत्र्यदिनाच्या आधी पंधरवडाभर तेथे तालमी चालत. प्रमुख पाहुणे म्हणजे राष्ट्रप्रमुख, ते काही तालमीला येत नाहीत. पण सलामी द्यायची तर समोर कोणीतरी उभे हवेच. बावीस वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिले, मध्यम उंचीचा आणि त्या घटकेला रिकामा असा एवढाच एक माणूस दिसला, म्हणून त्याने माळ्याला मंचाजवळच्या पांढऱ्या दगडावर उभे केले. “हलायचं नाही,” त्याने बजावले, “पथकं गेली की उतरायचं.” माळी हलला नाही. पुढच्या वर्षीपासून तालमी जवळ आल्या की तो आपणहून तो दगड चुन्याने रंगवून ठेवू लागला.

ही सलामी आपल्याला नाही, त्या जागेला आहे, हे त्याला पुरते ठाऊक होते. ज्या फाटकातून रोज सायकल आत नेताना पहारेकरी खेकसतो, त्याच फाटकातून आलेल्या माणसाला फौज सलाम ठोकते, यातली विसंगती न कळण्याइतका तो भाबडा नव्हता. तरी वर्षातून काही सकाळी तो दगडावर ताठ उभा राही आणि घरी आल्यावर ते सांगितल्यावाचून त्याला राहवत नसे.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात बटणे लावी. ती विचारी, “मग, आज किती सलाम झाले?”

“चौदा पथकं गेली.”

“पंधरावा माझा घ्या आणि तेवढे दोन हंडे भरून ठेवा, पाहुणे.”

तिचा विश्वास नव्हता असे नाही. पण विश्वास होता असेही म्हणता येत नव्हते. तालमी तिच्या कामाच्या दिवशी असत, आणि खुद्द स्वातंत्र्यदिनाची आमंत्रणे साहेबांच्या नातेवाइकांतच वाटली जात. त्यामुळे बावीस वर्षे ती नुसते ऐकत आली होती.

यंदा स्वातंत्र्याला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. सरकारने सगळे पन्नासाच्या मापाने करायचे ठरवले होते: पन्नास पथके, पन्नास तोफा, पन्नास कमानी. मुख्य रस्त्यावरच्या भिंतींना मोटारीतून दिसतील तेवढ्या उंचीपर्यंत नवा रंग लागला. वरचा पोपडा तसाच राहिला. मैदानाच्या कडेला हिरवळीत फुलझाडांचा ‘५०’ उमटवण्याचे काम माळ्याकडे आले. पाच उभा राहिला. शून्य मात्र एका बाजूने सुकू लागले आणि त्याला दिवसातून तीनदा पाणी घालावे लागे.

त्याच महिन्याच्या अखेरीस माळी निवृत्त होणार होता. बायकोने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली.

“रंगीत तालमीला येते,” ती म्हणाली. “थाप निघाली ना, तर उरलेला जन्म ऐकवीन.”

“ये की! मी कुठं पळतोय?” तो म्हणाला. त्या रात्री त्याने सदरा उशाखाली घडी घालून ठेवला.

सकाळी मैदानावर पोहोचला तेव्हा नवा मंच जुन्या दगडापासून चाळीस पावले पुढे उभारलेला होता. मंचावर सूट घातलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. समारंभाच्या नव्या अधिकाऱ्याचे ते सासरे. पन्नासावे वर्ष आहे, छायाचित्रे निघणार आहेत, तेव्हा पाहुण्यांच्या जागी जरा भारदस्त माणूस हवा, असे ठरले होते.

“तुम्ही शून्याचं बघा,” अधिकारी माळ्याला म्हणाला. तो उर्मटपणे बोलला नाही. त्याच्या दृष्टीने यात कोणाचे काही हिरावले जातच नव्हते.

माळ्याने वर पाहिले. झाडू मारणाऱ्या बायकांनी त्याच्या बायकोला रिकाम्या पायऱ्यांवर अगदी वरती बसवून घेतले होते. ती मंचाकडे पाहत होती, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मंचाकडे. त्याने मान खाली घातली आणि नळी उचलली. नळ जुन्या दगडाला लागूनच होता. शून्याच्या सुकलेल्या कडेपर्यंत धार पोहोचावी म्हणून तो दगडावर चढला.

बँड सुरू झाला. पहिल्या पथकाचा नायक भरघोस मिशांचा जुना माणूस होता. अठरा वर्षे तो याच वाटेने आला होता आणि अठरा वर्षे पांढरा दगड आणि त्यावरचा माणूस दिसताच त्याने हुकूम दिला होता. आजही त्याला पांढरा दगड दिसला आणि त्यावरचा माणूस दिसला.

“नजर उजवीकडे!”

साठ माना एकदम वळल्या. माळ्याच्या हातून नळी सुटली. मागची तीन पथके पुढच्यांकडे पाहूनच चालत होती. त्यांनीही तेच केले. मंचावर सासरेबुवा कपाळाशी हात नेऊन ताटकळत होते आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते.

ध्वनिक्षेपकावरून अधिकारी ओरडला, “कोण आहे तो? नळीवाले, बाजूला व्हा!”

पाणी माळ्याच्या चपलांवरून वाहत होते. हलायचे नाही, एवढा एकच हुकूम या दगडावर त्याला आजवर मिळाला होता. चौथे पथक पुढे गेले तेव्हाच तो उतरला.

अधिकारी तणतणत आला. मिशाळ नायक आधीच तेथे उभा होता.

“चूक माझी, साहेब. अठरा वर्षांची सवय.”

“समोर माळी उभा आहे, हे दिसलं नाही तुम्हाला?”

“दिसलं ना, साहेब. म्हणून तर वळली मान.”

कोणीतरी मागे खुदकन हसले. अधिकाऱ्याने सर्व पथकांना पुन्हा सुरुवातीला पाठवले आणि माळ्याला सांगितले, “हा दगड आजच्या आज इथून हलवा.”

माळी पहार घेऊन आला तेव्हा बायको पायऱ्या उतरून दगडाशी आली होती. तिचा चेहरा कारखान्यात माल तपासताना असतो तसा होता.

“पाहिलंस?” त्याने विचारले.

“पाहिलं.”

“मग?”

“वरून दुसरं बटण तुटलंय. चार पथकांनी पाहिलं असेल. रात्रभर सदरा उशाखाली होता ना? मग सांगायला काय झालं होतं?”

तिने पिशवीतून सुईदोरा काढला.

“आता कशाला? दगडसुद्धा काढायला सांगितलाय.”

“काढा मग. तो काही पळत नाही.” ती त्याच्याहून उंच, वाकून टाके घालणे पाठीला सोसत नसे. “आधी त्यावर चढा. मला बरं पडतं.”

पहार बाजूला टेकवून तो चढला.

“हलायचं नाही,” ती म्हणाली आणि दोरा ओवू लागली.

पथके पुन्हा निघाली होती. बुटांचा आवाज जवळ येत होता. माळ्याने तिकडे मान वळवली नाही. बटण लागेपर्यंत तो ताठ उभा राहिला.