मतासाठी राखलेली रजा

बहरीनमध्ये जिदहफ्सहून सित्राला जाणारी आमच्या कंपनीची बस मामा चालवायचे; सगळेच त्यांना मामा म्हणत. कोकणातले, पन्नाशीचे. मी अकाउंट्समध्ये होतो आणि आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. त्याचं मामांना भारी कौतुक. आपल्या मागची सीट ते माझ्यासाठी राखायचे. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा.

"सायेब, माझा भाव फौजेत, त्याला टपालानं मत देता येतं. मग आमालाच का नाय? आमी काय देश सोडून पळालो?"

"कायदा तसा आहे, मामा."

"मग बदला की कायदा! एवढं शिकून करता काय?"

एका वर्षी थंडीत निवडणूक होणार अशी बोलवा होती. मामांनी गणपतीची रजा घेतलीच नाही, मतासाठी राखली. कोकणातला माणूस गणपतीला घरी जात नाही म्हटल्यावर सगळ्या बसने त्यांना वेड्यात काढलं.

निवडणुकीला गावी जाऊन ते परतले तेव्हा मी आधी त्यांचं बोट पाहिलं. शाई नव्हती.

"मतदारयादीतून नाव कापलं," मामा म्हणाले. "यादीवाला घरी आलेला. बायकोनं ताठ मानेनं सांगितलं, आमचे हे बहरीनला असतात. तो म्हणाला, म्हंजे इथं राहत नाहीत."

"रागावलात तिच्यावर?"

"कसा रागावू? केवढ्या अभिमानानं बोलली ती!" त्यांनी गिअर टाकला. "तिला म्हटलं, आता कुणी इचारलं तर सांग, बाजारात गेलेत, येतीलच एवढ्यात. यल्ला, चला!"